लाकूड, पत्रा आणि मालक

इंग्लंडच्या पश्चिम भागात, वूस्टरशरमध्ये, मॉलव्हर्नच्या टेकड्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी मॉलव्हर्न लिंक नावाचं गाव आहे आणि तिथल्या पिकर्सली रोडवर लाल विटांच्या लांबट शेडची एक रांग आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ या शेडमध्ये मॉर्गन मोटारी बनत आल्या आहेत. सुतार लाकडाचा सांगाडा जोडतात, पत्रेकाम करणारे त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात, शिवणकाम करणारे चामडं बेतून आसनं शिवतात. शेड उतारावर आहेत, त्यामुळे अर्धवट तयार झालेली गाडी हातानं ढकलत पुढच्या शेडमध्ये न्यायची, अशी इथली कित्येक दशकांची पद्धत. गेल्या कित्येक दशकांत बहुतेक वर्षी इथून निघणाऱ्या गाड्यांची संख्या हजाराच्या आतच राहिली आहे. मोठ्या कंपनीचा एखादा कारखाना तेवढ्या गाड्या एका दिवसात काढतो.

या पुस्तकाचा विषय ही गाडी घेणारा माणूस आहे. तो बहुधा जाणता असतो. तेवढ्याच पैशांत जास्त वेगवान, जास्त आरामशीर आणि पावसात न गळणारी गाडी मिळते, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. तरीही तो मॉलव्हर्नला मागणी नोंदवतो आणि वाट पाहतो. 1980च्या दशकात तर पाच-सहा वर्षं आणि त्याहूनही जास्त वाट पाहणारे लोक होते. त्याला यातून काय मिळतं, हा प्रश्न मला गंभीर वाटतो, कारण त्याची दोन तयार उत्तरं सर्वत्र दिली जातात आणि ती दोन्ही अपुरी आहेत.

पहिलं उत्तर स्मरणरंजनाचं. माणसांना जुना काळ हवाहवासा वाटतो, म्हणून ती जुन्या घाटाची गाडी घेतात. पण मॉर्गनचा परिचित घाट 1930 आणि 1950 या दशकांत ठरला. आज चाळिशीत असलेल्या जर्मन, फ्रेंच किंवा अमेरिकन खरेदीदाराला त्या काळाची आठवण असण्याचं कारण नाही, आणि मॉर्गनच्या गाड्यांचा मोठा वाटा तर परदेशीच जात आला आहे. जो काळ आपण जगलोच नाही, त्याच्या आठवणीवर कुणी इतके पैसे आणि इतकी वर्षं खर्च करत नाही. दुसरं उत्तर प्रतिष्ठेचं. मिरवण्यासाठी गाडी घ्यायची तर बाजारात त्याहून झगमगीत गाड्या भरपूर आहेत. आणि प्रतिष्ठेसाठी घेतलेल्या गाडीच्या खाली कुणी ग्रीसची नळी घेऊन झोपत नाही. मॉर्गनचे मालक झोपतात.

माझं उत्तर वेगळं आहे. हातानं घडवलेली गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडते, तेव्हा तिचं घडणं संपलेलं नसतं. उरलेलं काम मालकाच्या हाती येतं: तिला समजून घेणं, जुळवणं, दुरुस्त करणं, चालवायला शिकणं. बहुतेक उत्पादक ग्राहकाला या कामापासून मुक्त करतात आणि त्या मुक्तीचे पैसे घेतात. इथे मात्र मालक पैसे मोजून हे काम विकत घेतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांमागे हा एकच विचार आहे, म्हणून तो इथे जरा सविस्तर मांडतो.

सुरुवात एका पाद्र्याच्या मुलापासून करायला हवी. हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन, सर्वांच्या तोंडी एच. एफ. एस., यांचा जन्म 1881चा. वडील हेरफर्डशरमधल्या स्टोक लेसी गावचे धर्मगुरू. मुलानं चर्चमध्ये जावं असा त्यांचा हट्ट नव्हता. उलट त्याच्या यंत्रवेडाला त्यांनी पैसा आणि पाठिंबा दोन्ही दिलं. स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून एच. एफ. एस. यांनी 1905मध्ये मॉलव्हर्न लिंकला गॅरेज उघडलं. 1909मध्ये त्यांनी स्वतःसाठी तीन चाकांची एक गाडी बनवली. त्या कामात मॉलव्हर्न कॉलेजमधल्या अभियांत्रिकीच्या शिक्षकांची आणि तिथल्या कार्यशाळेची मदत झाली. पुढे दोन चाकं, मागे एक, पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा आणि प्यूजोचं दोन सिलिंडरचं इंजिन. 1910मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. कौतुक खूप झालं, मागण्या थोड्या आल्या, कारण गाडीत जागा एकाच माणसाची होती. दोन माणसांची गाडी आल्यावर चित्र बदललं आणि हॅरड्स या लंडनच्या बड्या दुकानानं तिची विक्री हाती घेतली.

त्या पहिल्या गाडीत एक गोष्ट अशी होती, जी पुढे शतकाहून अधिक काळ टिकली. पुढचं प्रत्येक चाक एका उभ्या खांबावर वर-खाली सरकायचं आणि खांबाभोवतीची स्प्रिंग धक्का झेलायची. दोन्ही पुढची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र होती. त्या काळात बहुतेक मोटारींची पुढची चाकं एकाच आडव्या दांड्याला जखडलेली असत. म्हणजे जी रचना आज आपल्याला पुराणी वाटते, ती जन्मली तेव्हा काळाच्या पुढे होती. एच. एफ. एस. यांनी ती का बदलली नाही? कारण ती हलकी होती, स्वस्त होती आणि आपलं काम नीट करत होती. या कंपनीच्या स्वभावाची किल्ली मला इथे सापडते. चालणारी वस्तू केवळ जुनी झाली म्हणून टाकायची नाही, हा तिथला नियम.

तीनचाकी गाड्यांमागे पैशांचंही गणित होतं. ठरावीक वजनाच्या आतल्या तीनचाकीवर ब्रिटनमध्ये मोटारसायकलीइतकाच कर बसे, त्यामुळे सामान्य पगाराच्या माणसाला ती परवडायची. पण शर्यतींचं आकर्षण त्याहून मोठं. 1913मध्ये फ्रान्समधल्या आमिएँच्या सायकलकार, म्हणजे हलक्या छोट्या मोटारींच्या, शर्यतीत डब्ल्यू. जी. मॅकमिनीस यांनी मॉर्गन पहिली आणली. पहिल्या महायुद्धातला नामवंत ब्रिटिश वैमानिक अल्बर्ट बॉल याच्याकडेही मॉर्गन होती. ग्वेंडा स्ट्यूअर्ट या निर्भय बाईंनी पॅरिसजवळच्या माँत्लेरीच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तीनचाकी मॉर्गन ताशी 110 मैलांच्या वर नेऊन विक्रम केले. एच. एफ. एस. यांची बहीण डोरोथी स्वतः चढणीच्या आणि चिखलाच्या स्पर्धांत उतरत असे. घरातलीच माणसं गाडी बनवतात, तीच ती स्पर्धेत चालवतात आणि मोडलं ते सोमवारी दुरुस्त करतात, असा तो काळ होता. बनवणारा आणि चालवणारा यांच्यात तेव्हा अंतरच नव्हतं.

1930च्या दशकात छोट्या चारचाकी स्वस्त झाल्या, करही उतरले आणि तीनचाकीचा आर्थिक फायदा विरला. तेव्हा, 1936मध्ये, फोर-फोर आली: चार चाकं, चार सिलिंडर. पोलादी पट्ट्यांची चासी, तिच्यावर लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा. 1950मध्ये प्लस फोर आणि 1968मध्ये रोव्हरच्या साडेतीन लिटर आठ सिलिंडर इंजिनाची प्लस एट. यांतली शेवटची 2004पर्यंत बनत राहिली. एवढा इतिहास इथे पुरे. तारखा आवडणाऱ्यांसाठी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे.

लाकडाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण एवढा गैरसमज दुसऱ्या कशाहीबद्दल नाही. मॉर्गनची चासी लाकडाची असते, असं असंख्य लोक सांगतात. ते खरं नाही. चासी आधी पोलादाची होती, आता ॲल्युमिनियमची आहे. लाकडाचा असतो तो वरच्या शरीराचा सांगाडा, ज्यावर पत्रा ठोकला जातो. हे लाकूड ॲश या झाडाचं. ॲश मजबूत असूनही लवचीक असतं, धक्का पचवतं आणि सहजासहजी तडकत नाही. हातोड्यांचे दांडे त्याचे करतात. क्रिकेटचे स्टंपही बहुतकरून याच लाकडाचे असतात. मागच्या चाकावरची कमान करण्यासाठी ॲशच्या पातळ पट्ट्या गोंद लावून एकमेकींवर ठेवतात आणि साच्यात वाकवून शिकंज्यांनी आवळतात. गोंद वाळला की ती गोलाई कायमची होते. मग सुतार रंधा आणि पटाशी घेऊन एकेक सांधा बसवतो आणि दार त्या त्या चौकटीला घासून जुळवतो. त्यामुळे जुन्या मॉर्गनचं दार दुसऱ्या मॉर्गनला जसंच्या तसं बसेलच याची खात्री नसते.

कारखानदारीच्या शास्त्रात हा दोष आहे. सुटे भाग अदलाबदल करता यावेत, या एका तत्त्वावर आधुनिक उत्पादन उभं आहे. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर त्यात वेगळंच काही दिसतं. त्याची गाडी अनेक प्रतींमधली एक प्रत राहत नाही. तिचं डावं दार किंचित जड लागतं, बॉनेटची उजवी बाजू लावताना थोडं दाबावं लागतं, आणि हे फक्त त्याला माहीत असतं. वस्तूबद्दलचं असं ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत छापता येत नाही. ते वापरातून येतं आणि वापरणाऱ्याजवळच राहतं.

पत्रेकामाचंही तसंच. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम चालताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा हातानं गोल होताना कसा दिसत असेल याची कल्पना येईल. फरक एवढाच, की मठारलेल्या भांड्यावर ठोके दिसायला हवेत, आणि मोटारीच्या पत्र्यावर एकाही ठोक्याची खूण उरता कामा नये. हातोडी, वाळूची पिशवी, दोन चाकांमध्ये पत्रा दाबून गोलाई देणारं इंग्लिश व्हील, आणि शेवटी तळहात. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. बॉनेटवरच्या हवा जाण्याच्या चिरांच्या ओळी आणि दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या बॉनेटची मधली बिजागरी, हे सगळं त्या एका गाडीच्या मापानं बेतलेलं असतं.

आता चालवण्याकडे येतो. पारंपरिक मॉर्गनमध्ये चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो. पुढे लांबच लांब बॉनेट आणि दोन्ही कडांना मडगार्डचे उतरते बाक. मागे पाट्याच्या स्प्रिंगा, पुढे ते सरकते खांब, मध्ये थोडी पिळणारी चासी. रस्त्यावरचा लहानसा खड्डाही कमरेला कळतो आणि चाकाखाली डांबर आहे की खडी, हे स्टिअरिंग सांगतं. जुन्या प्लस फोरच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर सिंक्रोमेशशिवायचा, म्हणजे गती आपोआप जुळवणाऱ्या यंत्रणेविना. चालत्या गाडीत तो घालायचा तर डबल क्लच करावा लागे: क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, सोडा, इंजिनाची गती जुळवा, पुन्हा दाबा. आपल्याकडच्या जुन्या ट्रक आणि एसटीच्या चालकांना हे वेगळं शिकवावं लागणार नाही. गती बरोबर जुळली की गिअर आवाज न करता बसतो, चुकली की दातांचा खरखराट होतो. आणखी एक तपशील मला फार आवडतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांत पायाजवळ एक दट्ट्या असे. चालकानं तो अधूनमधून पायानं दाबायचा, म्हणजे इंजिनातलं थोडं तेल पुढच्या सरकत्या खांबांकडे जायचं. म्हणजे खांबांना तेल पाजण्याचं काम गाडी चालकावर सोपवते. तो विसरला तर स्टिअरिंग जड होतं, आणि आठवण ठेवली तर गाडी तसा प्रतिसाद देते.

यातून वेगाचा अर्थच पालटतो. आजची ताकदवान स्पोर्ट्‌स कार कायद्यानं मान्य असलेल्या वेगात पेंगत असते. तिची खरी ताकद अनुभवायला शर्यतीच्या ट्रॅकवर जावं लागतं किंवा कायदा मोडावा लागतो. मॉर्गनमध्ये ताशी 80 किलोमीटरला वारा कानात घोंघावतो, काचेची चौकट थरथरते, हात-पाय-कान सगळे कामाला लागलेले असतात. इंग्लंडमधल्या झुडपांच्या कुंपणांमधून वळणं घेणाऱ्या अरुंद रस्त्यावर हा वेग पूर्ण समाधान देतो. ज्याला गाडी चालवण्यात आनंद आहे आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजीही आहे, अशा माणसाला मी निःसंकोच सांगेन की कमी वेगात जास्त अनुभव देणारी गाडी ही अधिक शहाणी गाडी आहे.

मॉर्गन म्हणजे केवळ हळू जाणारी शोभेची वस्तू, असं मात्र कुणी समजू नये. 1962मध्ये ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत ख्रिस लॉरेन्स आणि रिचर्ड शेपर्ड-बॅरन यांनी टीओके 258 या क्रमांकाच्या प्लस फोरमध्ये दोन लिटरच्या गटात पहिला आणि एकंदरीत तेरावा क्रमांक मिळवला. आदल्या वर्षी हीच गाडी तपासणीतच परत पाठवली गेली होती. लाकडी सांगाडा आणि सरकत्या खांबांची गाडी चोवीस तास सरासरी ताशी नव्वदाहून जास्त मैलांनी धावली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या सगळ्याचा कस लागला 1990मध्ये. बीबीसीवर ‘ट्रबलशूटर’ नावाची मालिका सुरू झाली होती. आयसीआय या बलाढ्य रसायन कंपनीचे माजी अध्यक्ष सर जॉन हार्वे-जोन्स अडचणीतल्या ब्रिटिश कारखान्यांना भेट देऊन सल्ला देत. मॉर्गनमध्ये आल्यावर त्यांना जे दिसलं, त्यानं ते अस्वस्थ झाले. आठवड्याला कशाबशा दहाएक गाड्या, जुनी यंत्रं, हातगाड्यांवरून फिरणारं सामान आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. उत्पादन मोठ्या प्रमाणात वाढवा, किंमत वाढवा, आधुनिक पद्धती आणा, असं त्यांनी बजावलं. एच. एफ. एस. 1959मध्ये वारले होते. कंपनी त्यांचे पुत्र पीटर आणि नातू चार्ल्स सांभाळत होते. दोघांनी सल्ला नम्रपणे नाकारला. लाखो प्रेक्षकांसमोर हे घडलं. त्यानंतर मॉर्गनकडे मागण्या कमी होण्याऐवजी वाढल्या.

हा प्रसंग सहसा छोट्या माणसानं मोठ्या साहेबाला हरवल्यासारखा सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. हार्वे-जोन्स मूर्ख नव्हते आणि त्यांचे काही मुद्दे बिनतोड होते. पुढच्या काळात चार्ल्स मॉर्गन यांनी कामाची मांडणी सुधारली, उत्पादन हळूहळू वाढवलं आणि 2000मध्ये चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या चासीवरची, बीएमडब्ल्यू इंजिनाची एरो एट आणली. म्हणजे बदल झालाच, पण आतून आणि आपल्या गतीनं. हार्वे-जोन्स यांना न दिसलेली गोष्ट एकच होती: प्रतीक्षा यादीतले लोक त्रासलेले नव्हते. वाट पाहण्याच्या काळात ते मॉलव्हर्नला येत, शेडमधून फिरत, रंग आणि चामडं निवडत, आपल्या गाडीचा सांगाडा जोडणाऱ्या सुताराशी बोलत. गाडी हाती येण्याआधीच त्यांचं तिच्याशी नातं सुरू झालेलं असे. उत्पादन दुप्पट केलं असतं तर हे दिवस कापले गेले असते, आणि ते दिवसही खरेदीचाच भाग होते.

बनवणाऱ्या माणसाचं नाव कळण्याला काय किंमत असते, हे दुसऱ्या एका ब्रिटिश कारखान्यानं चांगलं ओळखलं होतं. न्यूपोर्ट पॅग्नेलला हातानं जुळवलेल्या ॲस्टन मार्टिनच्या आठ सिलिंडर इंजिनांवर ते इंजिन जोडणाऱ्या कारागिराच्या नावाची छोटी पट्टी असे. बॉनेट उघडलं की माणसाचं नाव दिसायचं.

आणि या वाटेचं टोक म्हणजे सेव्हन. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं 1957मध्ये ही अगदी उघडी, हलकी गाडी आणली. तयार गाडीवर ब्रिटनमध्ये खरेदी कर लागत असे, सुट्या भागांच्या संचावर नसे. त्यामुळे बरेच ग्राहक पेट्या घरी आणून स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी जोडत. 1973मध्ये लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅमला दिले. त्याच वर्षी खरेदी करही गेला, म्हणजे घरी जोडण्याचं आर्थिक कारण संपलं. तरी संच विकले जातच राहिले आणि आजही जातात. माझं म्हणणं पटवायला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पैसे वाचत नसताना, तयार गाडी समोर असताना, माणसं आपल्या सुट्टीचे दिवस घालून नट आवळत बसतात, कारण त्यांना तेच करायचं असतं.

जाग्वारच्या गोष्टीत आपलाही थोडा संबंध येतो. 1957च्या आगीत ब्राउन्स लेन कारखान्यातल्या नऊ एक्सकेएसएस गाड्या जळाल्या होत्या. जवळजवळ साठ वर्षांनी, जाग्वार टाटा मोटर्सच्या मालकीची असताना, त्या नऊ गाड्या जुन्याच पद्धतीनं पुन्हा बनवण्याचं काम हाती घेतलं गेलं. कारागिरी अप्रतिम आहे. पण दहा लाख पौंडांच्या घरातल्या अशा गाड्या संग्रहात जाऊन बसतात, म्हणून या पुस्तकात त्यांना जागा दिलेली नाही. इथे रोज किंवा निदान दर रविवारी रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांचा विचार आहे.

परंपरा नेमकी कशात असते, यावर मॉर्गनवाल्यांत कडाक्याचे वाद होतात. 2019मध्ये बहुसंख्य हिस्सा इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या इटालियन गुंतवणूकदार गटाकडे गेला. 2020मध्ये, 1936पासून चालत आलेली पोलादी चासी बंद झाली आणि तिच्याबरोबर सरकते खांबही गेले. आजच्या प्लस फोरमध्ये बीएमडब्ल्यूचं टर्बो इंजिन आहे आणि हवा तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मिळतो. काहींच्या मते खरी मॉर्गन तिथेच संपली. मला हे मान्य नाही. या कंपनीनं स्वतःचं इंजिन कधी बनवलंच नाही: जॅप, मॅचलेस, कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, ट्रायम्फ, फोर्ड, रोव्हर, जे चांगलं मिळालं ते घेतलं. टिकलं ते ॲश, हातानं बसवलेला पत्रा आणि गाडीमागे उभा असलेला ओळखीचा माणूस. हे तीन आहेत तोवर मी तिला मॉर्गन म्हणेन. पायाजवळचा तो तेलाचा दट्ट्या गेल्याचं वाईट मात्र वाटतं, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेणाऱ्यानं या गाडीचा निम्मा आनंद आधीच सोडून दिला, असं माझं स्पष्ट मत आहे.

या निवडीची किंमतही आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. पाणी साचलं तर ॲश कुजतं, विशेषतः दाराखालच्या पट्टीत. पत्र्याखालून पोलाद गंजतं. जुन्या गाड्यांत एअरबॅग नाहीत आणि अपघातात आधुनिक गाडी देते तसं संरक्षण त्या देत नाहीत. पावसात कापडी टप चढवेपर्यंत माणूस भिजतो. याखेरीज एक संकट झाडावरच आलं आहे. एका बुरशीमुळे होणारा ॲशचा मर रोग ब्रिटनमध्ये 2012मध्ये आढळला आणि तेव्हापासून असंख्य झाडं वठली आहेत. ज्या लाकडावर हा व्यवसाय उभा आहे, तेच दुर्मिळ होऊ शकतं. पेट्रोल इंजिनांचे दिवसही मोजके आहेत. ब्रिटिश सरकारनं 2025मध्ये थोड्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांना नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरच्या येऊ घातलेल्या बंदीतून सूट दिली, पण सूट म्हणजे भविष्य नव्हे.

तरीही लाकूड कुजलं तर तो तुकडा काढून नवा बसवता येतो, पत्रा फाटला तर पुन्हा ठोकता येतो. जुन्या मॉर्गनमध्ये असा भाग जवळपास नाहीच, जो हुशार सुतार, पत्रेकाम करणारा आणि मेकॅनिक मिळून पुन्हा उभा करू शकणार नाहीत. आज घराघरात येणाऱ्या वस्तू चिकटवून बंद केलेल्या असतात, बिघडल्या की फेकायच्या असतात. अशा काळात आयुष्यभर दुरुस्त करता येणारी एक वस्तू जवळ असणं, हे मला चैनीपेक्षा अधिक काही वाटतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या दशकांत मुंबई-पुण्यातल्या जुन्या परदेशी गाड्या जिवंत ठेवल्या त्या गल्लीतल्या मिस्त्रींनी. सुटा भाग मिळत नव्हता, म्हणून लेथवर करून घेतला. पत्रा मिळत नव्हता, म्हणून ठोकून काढला. त्या मिस्त्रींची नावं कुठल्याही बॉनेटखाली कोरलेली नाहीत आणि त्यांच्या हातातली विद्या फारशी कुणी लिहून ठेवलेली नाही. म्हणून वाचकांना एक विनंती. विंटेज गाड्यांच्या संचलनाला जाल, तेव्हा चकाकणाऱ्या क्रोमपाशीच थांबू नका. मालकाला बॉनेट उघडायला सांगा, गाडीचं काम कोण करतं ते विचारा, आणि तो मिस्त्री हयात असेल तर त्याच्याकडे वही घेऊन जा.